ऑगस्टमध्ये निलेश थॉर्नवेलला गेला होता

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको — मी भूतखेत मानत नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण ते वर्कशॉपमध्ये डबा खाताना, करमणूक म्हणून. कुणाला आरशात बाई दिसते, कुणाला मागून हाक ऐकू येते... वाचते, डबा धुते आणि कामाला लागते. माझ्या बाबतीत असं काही होईल आणि मीच लिहायला बसेन, हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लिहायला उशीर झाला तो घाबरले म्हणून नाही. ते घडलं तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आणि काहीच वाटलं नाही, हे कसं लिहायचं ते कळत नव्हतं. गावांची आणि माणसांची नावं बदलली आहेत. निलेशचं मात्र बदललेलं नाही.

निलेश माझा नवरा. मूळचा सांगलीचा, मी पुण्याची. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं मॉडेल बनवायचं वर्कशॉप आहे. एका बाजूला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांवाला, मध्ये आमचं शटर. बिल्डरांच्या सेल्स ऑफिसात काचेखाली ठेवलेले टॉवर बघितले असतील तुम्ही — छोटे दिवे, छोटा स्विमिंग पूल, छोटी पामची झाडं. ते आम्ही करतो. लेझर मशीन आणि सुतारकाम शफीकभाईंकडे. ते सियालकोटचे, पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहेत. ड्रॉइंग निलेशकडे. रंगकाम माझ्याकडे.

मागच्या हिवाळ्यात एक वेगळंच काम आलं. मिस्टर डेनिस नावाचे एक इंग्रज गृहस्थ, वय पंच्याऐंशीच्या आसपास, दुबईत मुलीकडे राहतात. तरुणपणी तेलाच्या कंपनीत इंजिनियर म्हणून आखातात आले आणि इथलेच झाले. त्यांना त्यांच्या गावाचं मॉडेल हवं होतं. गाव म्हणजे इंग्लंडमधलं अगदी खेडं — थॉर्नवेल. एक चर्च, एक शाळा, लोहाराचं दुकान, एक ओढा, आणि शेतांच्या मधून जाणारी एकेरी रेल्वे लाइन. ही लाइन मुळात दूध आणि दगड वाहायला टाकलेली. साठच्या दशकात सरकारने ती तोट्यात म्हणून बंद केली, रूळसुद्धा उपटून नेले. मग पुष्कळ वर्षांनी गावातल्याच लोकांनी वर्गणी काढून स्टेशन विकत घेतलं, थोडे रूळ परत टाकले, आणि आता तिथे रविवारी हौशी लोक वाफेचं इंजिन चालवतात. तिकीट तपासणारा रिटायर्ड मास्तर, सिग्नल ओढणारा डेंटिस्ट... असं सगळं. जुन्या मालधक्क्याच्या शेडमध्ये ते गावाच्या इतिहासाची एक खोली करणार होते. तिच्या मधोमध ठेवायला हे मॉडेल. गाव आजचं नाही, मिस्टर डेनिसच्या लहानपणचं. त्यांचे वडील तिथे सिग्नलमन होते. रुळाच्या कडेला रेल्वेने दिलेल्या घरात ते वाढले.

निलेश या कामात पार बुडून गेला. टॉवर करताना तो कधी मान वर करून बोलायचा नाही. पण मिस्टर डेनिस आले की काम बाजूला. दर आठवड्याला ते टॅक्सी करून यायचे, स्टुलावर बसायचे, आणि दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. निलेश लिंबू घातलेली सुलेमानी प्यायचा — दुधाचा चहा त्याने सोडला होता — आणि मिस्टर डेनिसना गॅरेजवाल्या पोराकडून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, मागवायचा. मग घरी येऊन जेवताना थॉर्नवेलच्या गोष्टी. स्टेशन गावात का नाही? तर तिथल्या जमीनदाराला हवेलीजवळ धूर नको होता. म्हणून ते थॉर्नवेल आणि अपर मीड या दोन गावांच्या मध्ये, शेतात. मग पाटीवर नाव कुणाचं, यावरून दोन गावांत भांडण. शेवटी दोन्ही नावं घातली, थॉर्नवेल आधी. "आमच्याकडे एसटीच्या थांब्यावरून होतं तसंच बघ," निलेश सांगायचा. युद्धाच्या काळात शत्रूचे सैनिक उतरले तर त्यांना कळू नये म्हणून सगळ्या स्टेशनांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या. तेव्हा अपर मीडचे लोक म्हणाले, चला, आता तरी बरोबरी झाली. हे सांगताना निलेश इतका हसायचा की आमची इरा — ती दहावीत आहे — म्हणायची, "बाबा, यू हॅव नेव्हर ईव्हन बीन देअर."

ऑगस्टमध्ये तिथे मोठा उत्सव असतो, बँड, जुनी इंजिनं. मिस्टर डेनिसनी त्याला बोलावलं होतं. "इन्शाल्ला, येतो," निलेश म्हणाला होता. व्हिसाला अर्ज करायचा होता. तो राहिला.

मे महिन्यात निलेश गेला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एक टॉवर पोचवून दुपारी परत येत होता. रस्त्यातच हार्ट अटॅक. गाडी त्याने नीट कडेला घेतली होती, हॅझर्ड लावले होते, गिअर पार्कमध्ये टाकला होता. ज्या पोलिसाने मला फोन केला तो हे सगळं फार सभ्यपणे सांगत होता — मॅडम, ही पार्क्ड द कार व्हेरी वेल. मी थँक यू म्हणाले.

पुढचं सगळं मी केलं, पण केलं म्हणजे कुणीतरी करून घेतलं. जबल अलीच्या स्मशानात अंत्यसंस्कार झाले. कॉन्सुलेटमध्ये त्याचा पासपोर्ट रद्द केला, कोपरा कापून माझ्या हातात परत दिला. अस्थी घेऊन सांगलीला गेले, कृष्णेत सोडल्या. सगळे म्हणत होते, रड गं, मोकळी हो. मला रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ कसा असतो — आहे, पण आपला नाही — तशी मी सगळीच होते.

जूनमध्ये परत आले, कारण इराची परीक्षा होती आणि हातातली कामं होती. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मिस्टर डेनिस मेच्या सुरुवातीलाच इंग्लंडला गेले होते. दर उन्हाळ्यात जातात. त्यांना फोनवर धड ऐकू येत नाही, ईमेल उघडत नाहीत. आल्यावर सांगू, म्हणून राहिलं.

जुलैमध्ये इरा सुट्टीला पुण्याला आजीकडे, शफीकभाई गावाला. बाहेर रस्ता तापलेला, आत एसीचा आवाज, आणि मी एकटी थॉर्नवेल रंगवत होते. मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढं मॉडेल. निलेशने घरं, भिंती, प्लॅटफॉर्म सगळं उभं केलं होतं. रंग बाकी होता. मी एकेक घर उचलायचे, रंगवायचे, ठेवायचे. डोकं रिकामं ठेवायला फार चांगलं काम.

एक दिवस मिस्टर डेनिसचं घर घेतलं. रेल्वेच्या सगळ्या घरांची दारं कंपनीच्या गडद हिरव्या रंगाची होती, हे निलेशने मला सांगून ठेवलेलं. हिरव्याची बाटली उघडली तर रंग वाळून खडा. बाजारात जायचं जिवावर आलं. समोर निळा होता, निळा लावला. तळहाताएवढं घर, त्याचं नखाएवढं दार, आणि ते दार रुळाच्या बांधाच्या बाजूला, झाडांच्या मागे. वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसणार नाही. घर चिकटवलं, पुढे झाडं लावली, खलास. मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? फोटोही काढले नव्हते. त्या महिन्यात मी कशाचेच फोटो काढले नव्हते.

सप्टेंबरमध्ये, सकाळी अकराच्या सुमाराला मिस्टर डेनिस आले. काठी टेकत, घामाने भिजलेले, हातात कागदी पिशवी. शफीकभाई परत आले होते, त्यांनी स्टूल दिलं. ते इंग्रजीत बोलत होते, मी आपल्या भाषेत लिहिते.

"निलेश कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "त्याच्यासाठी दगड आणलाय." पिशवीतून त्यांनी दगडाचा एक कपचा काढून टेबलावर ठेवला. मधाच्या रंगाचा, पण करड्याकडे झुकणारा. "त्यानेच मागितला होता. म्हणाला, आमच्या भिंती फार पिवळ्या झाल्यात. मी म्हटलं, परत येताना घेऊन येतो."

मला वाटलं, एप्रिलमधलं काहीतरी असेल. पण एप्रिलमध्ये भिंतींना रंगच नव्हता.

"कधी मागितला?" मी विचारलं.

"उत्सवाच्या दिवशी! ऑगस्टमध्ये. तुला बोलला नाही? दुपारभर माझ्याबरोबर होता की." ते खूश होऊन सांगायला लागले. "मला वाटलंच नव्हतं तो येईल. प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाकावर बसलो होतो, तर समोरून आला. मी त्याला सगळं दाखवलं. चर्च दाखवलं, लोहाराच्या दुकानात आता कोणीतरी राहतं ते दाखवलं, ओढ्यापर्यंत चालत गेलो. पाय दुखायला लागले म्हणून मी थांबलो, पण तो पुढे अपर मीडच्या वाटेने जाऊन आला. आणि माझ्या घरासमोर कितीतरी वेळ उभा होता. म्हणाला, बायकोने तुमचं दार निळं करून टाकलंय, हिरवं पाहिजे होतं. पण राहू द्या म्हणाला. चांगलं दिसतंय."

शफीकभाई माझ्याकडे बघत होते. त्यांना निळ्या दाराचं काही माहीत नव्हतं. ते बघत होते ते दुसऱ्याच कारणाने.

मी म्हणाले, "मिस्टर डेनिस, निलेश मेमध्ये वारला."

त्यांनी कानामागे हात धरला. मला परत सांगावं लागलं, मोठ्याने. शेजारचं ग्राइंडर चालू होतं, त्यावर आवाज चढवून मी माझा नवरा मेल्याचं सांगत होते.

"नाही माय डिअर," ते अगदी हळू म्हणाले. "ऑगस्टमध्ये तो माझ्याबरोबर होता."

शफीकभाईंनी त्यांना पाणी दिलं. मग ते उर्दूत पुटपुटत शटरपाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. मिस्टर डेनिसना वाटलं असावं की मी त्यांना म्हातारचळ लागलाय असं समजतेय. खरं म्हणजे मी तेच समजत होते. ऐंशी पार केलेला माणूस, उन्हात बसला, डोळा लागला, हिवाळ्यातलं बोलणं आठवलं... हे सगळं मी मनात जुळवत होते. फक्त ते दार त्यात बसत नव्हतं.

त्यांनी खिशातून साधा, बटणांचा फोन काढला आणि स्टेशनवर चहाचा स्टॉल चालवणाऱ्या बाईंना लावला. जोन त्यांचं नाव. स्टेशनमास्तरच्या जुन्या घरात राहतात. फोन स्पीकरवर टाकला.

"जोन, उत्सवाच्या दिवशी माझ्याबरोबर कोण होतं?"

"तुझा भारतीय मित्र ना?" त्या म्हणाल्या. आवाज इतका स्वच्छ की शेजारच्या दुकानातून बोलताहेत असं वाटावं. "दूध नको म्हणाला होता. लिंबू आहे का म्हणून विचारलं. एवढी गर्दी, माझ्याकडे कुठलं लिंबू! मग पुदिना तरी आहे का म्हणाला. मी मागे जाऊन बागेतून चार पानं तोडून आणली. इतका छान हसला... का रे? बरा आहे ना?"

मिस्टर डेनिसनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नका सांगू अशी. का, ते मलाही माहीत नाही.

"बरा आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आता तुम्ही जे विचाराल ते मी सगळं स्वतःला विचारून झालंय. दुसरा कोणी भारतीय असेल? मिस्टर डेनिस अख्खा हिवाळा निलेशच्या समोर बसले होते. मेच्या आधी तो गुपचूप जाऊन आला असेल? पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, यूकेचा व्हिसा त्यावर कधीच लागला नाही. जोनबाईंनी नंतर इराच्या फोनवर उत्सवाचे फोटो पाठवले, लोकांनी काढलेले. मी एकेक मोठा करून पाहिला. बँड आहे, इंजिन आहे, झेंडे आहेत, बाकावर मिस्टर डेनिस आहेत. निलेश एकाही फोटोत नाही. आहे असं लिहिता आलं असतं तर गोष्ट जास्त रंगली असती, पण नाही.

ते गेल्यावर मी टॉर्च घेऊन वाकले आणि झाडांमधून दार पाहिलं. निळंच होतं. मग भिंतींशेजारी दगडाचा कपचा धरला. भिंती खरंच जास्त पिवळ्या झाल्या होत्या. मी थोडा करडा कालवला आणि संध्याकाळपर्यंत भिंती परत रंगवल्या. घाबरले नाही, अंगावर काटा आला नाही. शफीकभाई म्हणाले, "भाभी, घर जाइए." मी म्हटलं, हा एक हात मारते आणि जाते.

फक्त घरी निघताना, गाडीत बसल्यावर, एक गोष्ट आतमध्ये टोचली. मेनंतर पहिल्यांदाच काहीतरी टोचलं. तो तिकडे गेला. कुठल्याशा परक्या मुलखात, जिथे त्याचं कोणी नव्हतं, तिथे पुदिन्याचा चहा प्यायला गेला. आमच्या घरी आला नाही. मी एवढे महिने त्याच्या बाजूची उशी तशीच ठेवली होती. इराने त्याचा नंबर अजून काढला नव्हता. सांगलीला त्याची आई दारात बसायची. यातलं कुठलंच त्याला... मला राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

इराला ट्यूशनवरून घेतलं. नेहमीसारखा जॅम, गाड्या इंचभरही सरकत नव्हत्या. सांगणार नव्हते, पण सांगून टाकलं. सगळं, जसं इथे लिहिलं तसं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं म्हणेल, मम्मा, दॅट्स क्रेझी. तिने विचारलं,

"डिड ही लुक ओके?"

आणि माझ्या लक्षात आलं, हे मी विचारलंच नव्हतं. दार, भिंती, तारीख, लिंबू... सगळं विचारलं. तो कसा होता, हे नाही.

"कॉल हिम," इरा म्हणाली.

गाडीच्या स्पीकरवरून मिस्टर डेनिसना फोन लावला. दोनदा ओरडून विचारावं लागलं. मागे त्यांच्या मुलीच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाल्यावर माणूस दिसतो ना," ते म्हणाले, "तसा दिसत होता. शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. इंजिन पाण्याला थांबलं तेव्हा पोरांच्या रांगेत उभा राहून बघत होता. दमलेला नव्हता, माय डिअर. अजिबात दमलेला नव्हता."

इराने तोंडावर दोन्ही हात धरले आणि ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. बहुतेक माझ्याकडे बघून थांबत असावी. मी एका हाताने तिची मान धरली. पुढची गाडी सरकली, मागच्याने हॉर्न दिला. मला तेव्हाही रडू आलं नाही. पण ओठावरचं इंजेक्शन उतरताना जशा मुंग्या येतात, तसं काहीतरी झालं, आणि ते बरं वाटलं असं नाही म्हणता येणार. दुखलंच.

नोव्हेंबरमध्ये मॉडेल लाकडी खोक्यात बंद करून इंग्लंडला पाठवलं. दार निळंच ठेवलं. मिस्टर डेनिसना मी विचारलं होतं, हिरवं करू का? ते म्हणाले, त्याने राहू द्या सांगितलंय ना.

त्यानंतर ते फारसे बोलत नाहीत या विषयावर. शफीकभाई म्हणतात, अल्लाहच्या गोष्टी. माझा पुण्यातला भाऊ सायकॉलॉजीचं काहीतरी नाव सांगतो. मी दोघांचंही ऐकून घेते. निळ्या दाराचं उत्तर कोणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही, आणि ते मिळेल असं आता वाटत नाही.

खोलीचं उद्घाटन येत्या उन्हाळ्यात आहे. जोनबाईंनी आम्हा दोघींना बोलावलंय, राहायला त्यांच्याच घरी या म्हणाल्या. इराने मिस्टर डेनिसच्या मुलीला विचारून व्हिसाची सगळी माहिती काढून ठेवलीय. रोज विचारते, "मम्मा, आर वी गोइंग?" मी म्हणते, बघू.

मी अजून हो म्हटलेलं नाही. भूत दिसेल असं मला वाटत नाही, आणि दिसलं तर मी त्याच्याशी भांडणार आहे. मला भीती वाटते ती एवढीच, की इतक्या लांब जाऊन मी त्या बाकापाशी उभी राहीन, आणि ते नुसतं एक स्टेशन असेल.